तेरा संघांचा पिचर आणि ‘अजून तिथंच ना?’ हा प्रश्न

वाचकाचं पत्र, थोडक्यात: ह्यूस्टनला राहणारे त्रेचाळीस वर्षांचे एक वाचक लिहितात, की ते २००२ मध्ये शिकायला अमेरिकेत आले आणि तिथलेच झाले. कंपन्यांच्या जुन्या संगणक प्रणालीतला डेटा नव्या प्रणालीत सुखरूप हलवणं हे त्यांचं काम. आतापर्यंत नऊ कंपन्या झाल्या आणि नववीचं कंत्राट महिन्याभरात संपतंय. समोर दोन पर्याय आहेत. एक ह्यूस्टनमधलीच कायम नोकरी, पगार थोडा कमी, काम माणसं सांभाळण्याचं. दुसरं डेट्रॉइटला दहा महिन्यांचं कंत्राट, काम त्यांच्या हातखंड्याचं. पत्नी ह्यूस्टनच्या एका रुग्णालयात फार्मसिस्ट आहे, मुलगी आठवीत. सांगलीला असलेले वडील ३४ वर्षं एकाच राष्ट्रीयीकृत बँकेत होते. त्यांच्या बदल्यांमुळे या वाचकांच्या चार शाळा झाल्या. दर रविवारी फोनवर वडिलांचा पहिला प्रश्न असतो, ‘अजून तिथंच ना?’ विद्यार्थिदशेत ते ॲस्ट्रोस या ह्यूस्टनच्या बेसबॉल संघाचे सामने स्वस्तातल्या तिकिटावर बघायचे आणि ऑक्टाव्हिओ डोटेल हा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, त्यांचा लाडका. २०२५ च्या एप्रिलमध्ये तो गेला, तेव्हा बातम्यांच्या पहिल्याच ओळीत त्याचे तेरा संघ होते. ‘म्हणजे माणूस मेल्यावरही लोक हेच सांगतात, की हा कुठे टिकला नाही. मीही तसलाच. सगळ्यांना चालतो, पण हवा कुणालाच नसतो. आता तरी एका जागी बसावं का?’

उत्तर:

तुमच्या पत्रातलं शेवटाकडचं वाक्य आधी घेते, कारण गाठ तिथेच बसली आहे. ‘सगळ्यांना चालतो, पण हवा कुणालाच नसतो.’ हे तुम्ही स्वतःबद्दल लिहिलंत आणि ओघात डोटेललाही त्यात ओढलंत. तुमच्याबद्दल मला पत्रात आहे तेवढंच माहीत. त्याचा हिशेब मात्र जगजाहीर आहे, तेव्हा तो आधी मांडू.

मी क्रिकेटवर वाढलेली बाई. बेसबॉल मला भाच्याने शिकवला तेवढाच येतो. पण कोण कधी कुठून कुठे गेला याच्या नोंदी त्या खेळात जितक्या काटेकोर असतात, तितक्या आपल्याकडे सातबारावरही सापडायच्या नाहीत. त्यामुळे डोटेलचा सगळा प्रवास तारीखवार बघता आला.

जन्म १९७३ चा, डोमिनिकन रिपब्लिकमधल्या सांतो दोमिंगोचा. न्यूयॉर्क मेट्सने १९९३ मध्ये त्याला करारबद्ध केलं. सहा वर्षं मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या पायरीवर, काढून जून १९९९ मध्ये तो मेजर लीग या सर्वांत वरच्या स्पर्धेत उतरला. त्याच ऑक्टोबरात ॲटलांटा ब्रेव्ह्जविरुद्धचा तो गाजलेला प्लेऑफ सामना नेहमीच्या नऊ डावांऐवजी १५ डाव लांबला. त्यातले शेवटचे तीन डाव टाकले ते या नवख्या पोराने. पंधराव्या डावात त्याने धाव दिली, मेट्स मागे पडले, आणि मग सोबत्यांनी सामना ओढून काढला. विजय डोटेलच्या नावावर लागला. दोन महिन्यांनी मेट्सने त्याला ह्यूस्टनला देऊन टाकलं.

तुमच्या हिशेबात हा पहिला नकार. आता तीच घटना ह्यूस्टनच्या बाजूने बघा. त्यांनी माईक हॅम्प्टन सोडला, म्हणजे त्या मोसमात २२ विजय मिळवणारा आपला पिचर. त्याच्यासोबत डेरेक बेलही दिला आणि बदल्यात जे मागून घेतलं त्यात डोटेल होता. २००७ च्या जुलैअखेर ब्रेव्ह्जना तो हवा झाला, तेव्हा त्यांनी कॅन्सस सिटीला काईल डेव्हिस हा तरुण पिचर दिला. २०१० मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सनी त्याच्यासाठी पिट्सबर्गला जेम्स मॅकडॉनल्ड आणि अँड्र्यू लॅम्बो असे दोघे दिले. तेव्हा डोटेल ३६ वर्षांचा होता. छत्तिशीतल्या पिचरसाठी दोन तरुण मोजणारा संघ त्याला ‘चालवून घेत’ नसतो.

तेरा संघ म्हणजे बारा बदल. ते मी वेगळे काढून बघितले. त्यातले सहा ट्रेड होते, म्हणजे संघांनी आपसात ठरवलेले. त्यात त्याला कुणी विचारलं नाही. उरलेले सहा त्याने करार संपल्यावर स्वतः सही करून केले: यांकीज, कॅन्सस सिटी, शिकागो व्हाइट सॉक्स, पिट्सबर्ग, टोरोंटो आणि शेवटी डेट्रॉइट. निम्मे त्यांचे, निम्मे याचे. मोसमाच्या मध्यावर नारळ दिला आणि मग कुणी दया येऊन उचलला, असं बारांत एकदाही नाही. आपल्याकडे आयपीएलमध्ये ॲरन फिंच नऊ संघांकडून खेळला, त्याच्यावर विनोदही पुष्कळ झाले. पण दर वेळी कुणीतरी बोलावलं म्हणूनच तो आकडा नऊवर गेला ना?

तुम्हीही नऊ लिहिलेत. त्या नऊतल्या किती तुम्ही स्वतः सोडल्यात, किती ठिकाणी ठरलेलं काम पुरं होऊन कंत्राट संपलं आणि किती ठिकाणी खरोखर काढलं, हे पत्रात कुठेच नाही. मला वाटतं तुम्ही ते मोजलेलंच नाही. तिन्ही प्रकार एकाच खात्यात टाकून तुम्ही बेरजेला घाबरताय.

आणि बोलावलं कशासाठी, हेही बघायला हवं. डोटेल सुरुवातीला सामना सुरू करणारा पिचर होता. २००० मध्ये ह्यूस्टनचा बिली वॅगनर जखमी झाला आणि शेवटचे डाव टाकायला डोटेलला आणलं. त्या मोसमात त्याने १६ सेव्ह मिळवले, म्हणजे शेवटी येऊन सोळा सामन्यांतली आघाडी राखली. तिथून पुढे संघ बदलत गेले तरी काम साधारण तेच राहिलं. सामन्याचे शेवटचे डाव, आघाडी थोडकी, आणि जोराचा चेंडू टाकून समोरच्याला बाद करायचं. तुम्ही ह्यूस्टनला उतरलात ते २००२ चं वर्ष त्याचं सर्वांत चांगलं: ८३ सामने, नऊ डावांमागे सरासरी १.८५ धावा, ९७ डावांत ११८ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक, म्हणजे तीन चांगले चेंडू सोडले किंवा हुकवले, की बॅटर बाद).

पुढच्या वर्षीचा ११ जूनचा सामना तुम्हाला आठवत असणार, इतर वाचकांसाठी सांगते. न्यूयॉर्कमध्ये, यांकीजच्या घरच्या मैदानावर, ह्यूस्टनचा रॉय ऑस्वाल्ट दुसऱ्याच डावात जांघेच्या दुखापतीने बाहेर गेला. त्याच्यामागून आलेल्या पाच जणांनी मिळून यांकीजना एकही हिट, म्हणजे बेस गाठून देणारा फटका, मिळू दिला नाही. डोटेलच्या वाट्याला आठवा डाव आला आणि त्यात त्याने चार जण स्ट्राइकआउट केले. एका डावात बाद व्हायचे असतात तीनच, मग चार कसे? तर तिसऱ्या स्ट्राइकचा चेंडू कॅचरच्या हातून निसटला, तर बॅटरला पहिल्या बेसकडे पळता येतं. तो पोचला की पिचरच्या खात्यात स्ट्राइकआउट जमा होतो, पण बाद कुणीच होत नाही; परत एकाला बाद करा. डोटेलने केला.

कारकिर्दीत ९५१ डाव आणि १,१४३ स्ट्राइकआउट. मधे २००५ मध्ये कोपराची मोठी शस्त्रक्रिया झाली, २००६ मध्ये यांकीजकडून जेमतेम दहा डाव टाकले आणि तेही मार खात. तरी २००७ साठी त्याला करार मिळाला, कारण त्याला कशासाठी घ्यायचं हे सगळ्यांना माहीत होतं. तुम्हाला कशासाठी बोलावतात, हे तुम्ही एका वाक्यात सांगू शकता का? पत्रातल्या ‘सुखरूप हलवणं’ या दोन शब्दांवरून मला वाटतं, सांगू शकता. तुमचं काम संपलं की तुमची गरज संपते, आणि ते चांगलं झालं तर लवकरच संपते. त्याचा दोष स्वतःकडे का घ्यायचा?

आता दुसरी बाजू. नाहीतर मी नुसती तुमची पाठ थोपटली असं होईल.

२०१० चा डोटेलचा मोसम बघा. सुरुवात पिट्सबर्गला, ३१ जुलैला लॉस एंजेलिस, १८ सप्टेंबरला डेन्व्हर. सात आठवड्यांत तीन शहरं, तीन कपड्यांचे रंग, तीन कॅचर. नोंदवहीत ही एक ओळ असते. घरात ती एवढी सोपी जात नसणार. मेजर लीगमध्ये एक नियम आहे: एकूण दहा वर्षं खेळून झाली आणि त्यातली अलीकडची पाच सलग एकाच संघात गेली, तर त्या खेळाडूला ट्रेड नाकारता येतो. डोटेलची दहा वर्षं केव्हाच भरली होती. सलग पाच मात्र कुठेच भरली नाहीत. सर्वांत लांब मुक्काम तुमच्याच ह्यूस्टनला, साडेचार मोसमांचा. २००४ च्या जूनमध्ये कार्लोस बेल्ट्रान हा फलंदाज मिळवायच्या नादात ह्यूस्टनने त्याला ओकलंडला पाठवलं. आणखी थोडा काळ राहिला असता तर पाचाचा आकडा भरला असता.

एका जागी राहण्याचा खरा फायदा मला इथे दिसतो. नावलौकिक, वडिलांचं समाधान हे नंतरचं. मुक्काम लांबला की ‘नाही’ म्हणायचा हक्क हातात येतो. म्हणून तुम्ही ‘एका जागी बसावं का’ असं विचारता, तेव्हा मी उलट विचारीन: समोरच्या दोन पर्यायांपैकी कोणता तुम्हाला पुढच्या वेळी ‘नाही’ म्हणू देईल?

उत्तर वाटतं तितकं सरळ नाही. टेक्सासमध्ये बहुतेक ‘कायम’ नोकऱ्या मालक कारण न देता, नोटीसही न देता संपवू शकतो, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. वडिलांच्या बँकेतला ‘कायम’ आणि हा ‘कायम’ यांत फार अंतर आहे. शिवाय त्या नोकरीत तुम्ही ज्यासाठी ओळखले जाता ते काम दुसरेच करणार आणि तुम्ही त्यांच्या रजा मंजूर करणार. दोन-तीन वर्षांनी ती नोकरी गेली तर तुमच्या हाताची सवय मोडलेली असेल. दुसऱ्या बाजूला, डेट्रॉइट म्हणजे दहा महिने घराबाहेर, मुलगी तेरा-चौदाची असताना. तिची शाळा बदलणार नाही, पण बाप बुधवारी घरी नसणार. चार शाळा पाहिलेल्या माणसाला हे मी काय सांगू. तिला आणि पत्नीला विचारा. परवानगी मागायची म्हणून नव्हे, तर कोणते दिवस तुम्ही घरी असायलाच हवे आहात ते कळावं म्हणून. (डोटेलचा तेरावा संघ डेट्रॉइटचाच होता, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. कौल समजू नका.)

वडिलांबद्दल. ते ३४ वर्षं एका बँकेत होते, एका गावात नव्हते. बदलीचा कागद आला की भांडी बारदानात बांधायची, शाळेचा दाखला काढायचा, नव्या गावात दूधवाला शोधायचा, हे तुमच्या आईने दर खेपेला केलंय. त्यांनाही कुणी विचारत नव्हतं, डोटेलला जुलैअखेर विचारत नसत तसंच. फरक एवढाच, की बदलीबरोबर त्यांचा भविष्य निर्वाह निधी, पेन्शन आणि ज्येष्ठता ही सगळी मागोमाग जात होती. जोखीम बँकेच्या अंगावर होती. तुमच्या बाबतीत ती तुमच्या अंगावर आहे. ‘अजून तिथंच ना?’ यात मला टोमण्यापेक्षा काळजी जास्त ऐकू येते: पोराच्या म्हातारपणाचं कोण बघतंय? निवृत्त बँकवाल्याला आकड्यांची भाषा कळते. एका रविवारी कंपनीचं नाव बाजूला ठेवा आणि निवृत्तीसाठी किती साठलंय, घराचं कर्ज किती उरलंय, काम थांबलं तर किती महिने निघतील, हे सांगा. त्यांचे पुढचे चार प्रश्न तुमच्या फायद्याचे असतील.

आता त्या बातम्यांकडे येते, कारण तुम्हाला जास्त लागलंय ते तिथे. ८ एप्रिल २०२५ ला मध्यरात्रीनंतर सांतो दोमिंगोमध्ये जेट सेट या नाइट क्लबचं छत कोसळलं. २३० हून अधिक माणसं गेली. मंचावर गात असलेला, मेरेंगे या तिथल्या नृत्यसंगीताचा गायक रुबी पेरेस त्यात होता. डोटेलला ढिगाऱ्यातून जिवंत काढलं, पण रुग्णालयात पोचण्याआधीच तो गेला, वय ५१. घाईत बातमी लिहिणाऱ्याला एक आकडा लागतो आणि त्याचा आकडा तयार होता. सर्वांत जास्त संघांकडून खेळण्याचा तो विक्रमही तोवर त्याचा उरला नव्हता. २०१९ मध्ये एडविन जॅक्सन हा पिचर चौदाव्या संघाकडून खेळला. गंमत म्हणजे २०११ च्या जुलैमध्ये टोरोंटोहून सेंट लुईसला जे खेळाडू गेले, त्यांत हे दोघेही होते.

त्याच ट्रेडने डोटेलला २०११ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगचं विजेतेपद, मिळाली, हे त्याच बातम्यांत चार ओळी खाली होतं. टोरोंटोतच ‘टिकला’ असता तर मिळाली नसती. आणि २०१३ च्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिक या देशादेशांच्या स्पर्धेत डोमिनिकन रिपब्लिकने आठच्या आठ सामने जिंकले, तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा डोटेल त्या संघात होता. तिथून त्याला कुणी ट्रेड करू शकत नव्हतं. तुम्ही पहिल्या ओळीवर थांबलात, कारण ती तुमच्या मनात आधीपासूनच लिहिलेली होती.

माझा कल विचाराल तर डेट्रॉइटकडे आहे, पण आहे त्या अटींवर नाही. दोन आठवडे तिकडे आणि दोन आठवडे घरून काम, असं मागा. डेटा हलवायच्या कामात प्रत्यक्ष हजेरी शेवटच्या टप्प्यात लागते, मधल्या महिन्यांत फारशी नाही, हे त्यांनाही ठाऊक असेल. विमानाचा आणि राहण्याचा खर्च दरात घालून नको, वेगळा मागा. आरोग्यविमा पत्नीच्या नोकरीतून मिळतो का ते पत्रात नाही. मिळत असेल तर कंत्राटाची निम्मी भीती तिथेच संपते. डेट्रॉइटवाले अजिबात हलले नाहीत तर ह्यूस्टनची नोकरी घ्या, पण तिथेही एक प्रकल्प स्वतःच्या हाताने करायला मिळेल हे आधी लिहून घ्या. आणि घेतलीत तर मुलीसाठी घेतली म्हणा, वडिलांसाठी घेतली म्हणू नका. नाहीतर दोन वर्षांनी त्या रविवारच्या फोनवर राग निघेल.

असंच पत्र हिंजवडीतून, ऐरोलीतून, दुबईतूनही येतं, म्हणून थोडं सगळ्यांसाठी. एक कागद घ्या आणि प्रत्येक नोकरीपुढे तीन गोष्टी लिहा: का बोलावलं, का संपलं, आणि तिथलं कुणी पुढे परत बोलावलं का. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा. एकदा काम केलेला साहेब दुसऱ्या कंपनीत गेल्यावर तुम्हाला शोधत आला असेल, तर ती तुमची खरी ज्येष्ठता. बायोडेटात नऊ कंपन्यांची उतरंड लावण्याऐवजी कामांनुसार मांडणी करा आणि कंपन्यांची नावं-तारखा खाली एकत्र द्या. जिथे कंत्राट मुदतीनुसार संपलं तिथे ‘प्रकल्प पूर्ण’ असं स्पष्ट लिहा, वाचणाऱ्याला तर्क करायला लावू नका. मुलाखतीत ‘इतक्या का बदलल्या’ हा प्रश्न येणारच. त्याला सफाई द्यायची नाही, तिसरा रकाना वाचून दाखवायचा.

पैशांचं मात्र लगेच बघा. फिरतीच्या माणसाचे पैसे मागे राहतात. अमेरिकेत प्रत्येक कंपनीबरोबर उघडलेली निवृत्तीची खाती विखुरलेली असतात, ती एकत्र करता येतात. भारतात जुन्या कंपन्यांचे पीएफ एकाच यूएएनखाली (पीएफचा नोकरी बदलली तरी न बदलणारा क्रमांक) आणून घ्या. त्यातलं पेन्शन मिळायला एकूण दहा वर्षांची सेवा लागते आणि मधेच पैसे काढून घेतले की तो हिशेब तुटतो. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीसाठी साधारण पाच वर्षं सलग लागतात, तेव्हा साडेचार वर्षांवर राजीनामा देताना कॅलेंडर बघा. डोटेलच्या साडेचार मोसमांसारखं नको.

तुम्ही आता एवढं करा. डेट्रॉइटला फोन करण्याआधी कंत्राटाच्या मसुद्यातलं मुदतीआधी करार संपवण्याचं कलम काढा आणि नोटीस किती दिवसांची आहे, ती दोन्ही बाजूंना सारखी आहे का, ते बघा. अशा मसुद्यांत ती बरेचदा एकतर्फी असते. असेल तर दोघांनाही तीस दिवस, असं मागा. दराची बोलणी त्यानंतर.